पोर्ट्रेट करून घ्यायचंय? आधी फोटो, मग चित्रकार, मग भाव

"आप्पांचं मोठं ऑइल पेंटिंग करायचंय, किती घ्याल?" खानदेशात पोर्ट्रेटचे बहुतेक व्यवहार या प्रश्नानं सुरू होतात. समोरचा एक आकडा सांगतो, आपण थोडी घासाघीस करतो, व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो पाठवतो आणि महिन्याभरानं घरात येतो तो कोणीतरी अनोळखी गृहस्थ. घरातली म्हातारी बघते आणि म्हणते, "हाऊ आप्पा नही शे." इथवर आल्यावर फारसं काही दुरुस्त होत नाही.

शिवाय 'ऑइल पेंटिंग' या एका नावाखाली आज तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, कोऱ्या कॅनव्हासवर हातानं रंगवलेलं चित्र. दोन, कॅनव्हासवर छापलेला फोटो आणि त्यावर रंगाचे किंवा पारदर्शक जेलचे फटकारे. तीन, कॉम्प्युटरमध्ये 'पेंटिंग इफेक्ट' देऊन काढलेला निव्वळ प्रिंट. तिन्हींना आपापली जागा आहे. शाळेच्या वर्गात जयंतीला लावायला प्रिंट पुरतो. फक्त तिसऱ्या वस्तूला पहिलीचे पैसे मोजू नयेत. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

थोडा इतिहास, गिऱ्हाइकाच्या कामापुरता

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या भिंतींवर शेकडो चेहरे आहेत, पण आजच्या अर्थानं ती पोर्ट्रेटं नव्हेत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ओळखायचा तो मुकुटावरून, हातातल्या कमळावरून, मुद्रेवरून. विशिष्ट माणूस पाहताक्षणी ओळखू यावा, ही मागणी निराळी. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात मृताच्या ममीवर बसवायला लाकडी फळीवर मेणात कालवलेल्या रंगांनी चेहरे रंगवत. फायूम भागात सापडलेले ते चेहरे आजही ओळखीचे वाटतात. गेलेल्या माणसाचा चेहरा जपायची हौस इतकी जुनी आहे.

आपल्याकडे ही मागणी मोठ्या प्रमाणावर आली मुघल दरबारातून. अकबरानं आपल्या सरदारांच्या तसबिरी करवून घेतल्या. जहांगिरानं तर इराणच्या शाह अब्बासचा चेहरा हुबेहूब हवा म्हणून १६१३ मध्ये बिशनदास या चित्रकाराला वकिलातीबरोबर इराणला धाडलं. हे चेहरे बहुतेक एका बाजूनं काढलेले, म्हणजे एकचश्मी. त्यात व्यवहार होता: नाकाचा उतार, कपाळ आणि हनुवटी यांची रेषा बाजूनं जितकी पक्की पकडता येते तितकी समोरून येत नाही. आजही चित्रकाराला एखादा बाजूचा फोटो द्यावा, तो याच कारणानं.

चित्रावरून चित्र काढत गेलं की काय होतं, याचा धडा शिवाजी महाराजांच्या चित्रात आहे. भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये समकालीन चित्र उजेडात आणलं तेव्हा तो घोळ मिटला. साने गुरुजी, बालकवी, बहिणाबाई यांची आपल्या शाळांतली चित्रं पाहा. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असं होत होत चेहरा कुठल्या कुठे गेलेला असतो. संस्थेसाठी चित्र करून घेताना मूळ फोटोपर्यंत पोचल्याशिवाय काम देऊ नका.

तैलरंगातलं पाश्चात्त्य धाटणीचं व्यक्तिचित्र मराठी दरबारात आलं जेम्स वेल्सबरोबर. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला; सवाई माधवराव आणि नाना फडणवीस त्याच्यासमोर बसले. गंगाराम तांबट हा त्याच्या हाताखालचा. पुढे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी संस्थानिकांची तैलचित्रं रंगवली आणि १८९४ मध्ये छापखाना काढून देवादिकांची चित्रं घरोघर पोचवली. तिकडे १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, सा. ल. हळदणकर, आचरेकर, देऊस्कर अशी फळी उभी राहिली. ही परंपरा आटलेली नाही. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं, ते पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी.

खानदेशाचा यात वाटा आहेच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करण्यात आयुष्य घालवलेला रॉबर्ट गिल १८७९ मध्ये भुसावळला वारला, त्याचं थडगं तिथंच आहे. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. आणि चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९). स्टेशनाजवळच्या आपल्या घराला त्यांनी डच चित्रकार रेम्ब्राँचं नाव दिलं होतं, ते उगाच नव्हे. एका बाजूनं पडणारा उजेड, दुसरा गाल अंधारात आणि त्या अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण. छायाचित्रणात या प्रकाशयोजनेला रेम्ब्राँचंच नाव आहे. पोर्ट्रेटसाठी फोटो काढताना हाच त्रिकोण शोधायचा असतो.

पायरी पहिली: माप ठरवा, आणि त्यात चेहऱ्याचं माप

गिऱ्हाईक कॅनव्हासचं माप सांगतं, चेहऱ्याचं सांगत नाही. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण ९ इंच असतं. चित्रात ते त्याहून थोडं लहान, ७ ते ८ इंच ठेवलं की घरातल्या अंतरावरून नैसर्गिक दिसतं. खऱ्यापेक्षा मोठं डोकं बैठकीच्या खोलीत अंगावर येतं. तपासायची सोपी खूण: दोन बुबुळांच्या मध्यांतलं अंतर माणसात सरासरी सव्वासहा सेंटिमीटर असतं. चेहरा समोरून असेल आणि चित्रात ते सात-साडेसात भरत असेल, तर चेहरा फुगलाय.

नुसतं डोकं आणि खांदे हवे असतील तर १६×२० किंवा १८×२४ इंच पुरे. हात दाखवायचे तर २४×३० च्या खाली जाऊ नका. बसलेली, गुडघ्यांपर्यंतची आकृती ३०×४० मध्ये बसते. फेटा, पागोटं किंवा उंच टोपी असेल तर वर जास्त जागा सोडावी लागते. नाहीतर फेटा फ्रेमला टेकतो. नवरा-बायको एकत्र हवे असतील तर २४×३६ आडवं घ्या आणि दोघांचे फोटो एकाच दिशेच्या उजेडातले आहेत ना ते पाहा. त्याच्यावर डावीकडून ऊन आणि तिच्यावर समोरून फ्लॅश असेल, तर कितीही चांगला चित्रकार असो, दोघं शेजारी बसल्यासारखे दिसत नाहीत.

हातांचे पैसे वेगळे पडतात आणि पडायलाच हवेत, कारण हात रंगवणं चेहऱ्याइतकंच जिकिरीचं. हा हिशेब जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये गॉडफ्रे नेलरनं किट-कॅट क्लबच्या सभासदांची चित्रं ३६×२८ इंचांवर रंगवली, डोकं-खांदे आणि एक हात मावेल एवढीच. त्या मापाला पुढे क्लबचंच नाव पडलं.

माध्यमाबद्दल थोडक्यात. तैलरंगाला त्वचेची खोली सर्वांत चांगली साधते, पण वेळ लागतो. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं, म्हणून घाईच्या कामाला बरं. मात्र रंगांची मऊ मिसळण त्यात अवघड. पेन्सिल आणि चारकोल स्वस्त आणि हुबेहूबपणाला चोख, पण काच लागतेच. जलरंगाला कमी लेखू नका: मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री जलरंगातच आहे.

पायरी दुसरी: फोटो

इथं जितका वेळ घालवाल तितका कमी. साम्य येतं ते पापण्यांच्या केसांतून आणि सुरकुत्यांतून नव्हे. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची सावली, गालाचं हाड आणि जबडा या मोठ्या उजेड-सावलीच्या आकारांतून येतं. आधार कार्डाच्या किंवा पासपोर्टच्या फोटोत समोरून सपाट उजेड असतो, म्हणजे हे आकारच पुसलेले असतात. चित्रकार मग ते अंदाजानं भरतो आणि तिथंच माणूस बदलतो.

माणूस हयात असेल तर नवा फोटो काढा. भर दुपारचं खानदेशी ऊन नको. डोक्यावरच्या उन्हात डोळे काळ्या खड्ड्यात जातात आणि कपाळ पांढरंफटक पडतं. सकाळी आठ-नऊला ओसरीत किंवा दाराच्या आत तीन-चार फुटांवर खुर्ची टाका, दार एका बाजूला येईल अशी. घरातले दिवे बंद करा, कारण बल्बचा पिवळा आणि दाराचा निळसर असे दोन रंगांचे उजेड एकत्र आले की त्वचेचा खरा रंग कळत नाही. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरा, ६ ते ८ फूट लांब उभे राहा आणि दुप्पट झूम वापरा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात, ते रंगवल्यावर अधिकच खटकतं. ब्युटी फिल्टर बंद. मान जराशी वळवून पाहा आणि सावलीतल्या गालावर तो त्रिकोण दिसला की दहा-पंधरा फोटो घ्या.

सेल्फी देऊ नका. पुढचा कॅमेरा पुष्कळदा आरशासारखी उलटी प्रतिमा साठवतो. मग शर्टाचा खिसा उजवीकडे, भांग उलटा, नथ उजव्या नाकपुडीत. चित्रकार दिसतं ते इमानदारीनं रंगवतो आणि बारशापासून ओळखणारी आत्या तेवढंच पकडते. कोणताही फोटो देण्याआधी खिसा, नथ आणि चेहऱ्यावरचा तीळ या तीन खुणा पाहून घ्या.

फाइल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली की दाबून लहान होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. हनुवटी ते टाळू एवढ्या भागात किमान १००० पिक्सेल हवेत.

गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर प्रश्न वेगळे. हाती असतो तो एखादा कृष्णधवल पासपोर्ट फोटो, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतला एक चेहरा. फोटोचा मोबाइलनं फोटो काढू नका. स्कॅन करा, १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. ३५×४५ मिलिमीटरचा फोटो या दरानं सुमारे १६५०×२१२५ पिक्सेलचा होतो, तो चालतो. ग्रुप फोटोतला ६ मिलिमीटरचा चेहरा मात्र २८० पिक्सेलच देतो, आणि त्यातून स्कॅनर कितीही चांगला असला तरी नवी माहिती निघत नाही. हल्ली असे चेहरे एआयनं 'क्लिअर' करून देतात. ते सॉफ्टवेअर डोळे, दात, त्वचा स्वतःच्या मनानं बनवतं, चेहरा तुकतुकीत होतो आणि माणूस दुसराच. मूळ धूसर फोटोच द्या आणि सोबत आणखी दोन-तीन वेगवेगळ्या वयांतले, वेगवेगळ्या कोनांतले द्या. कोणता फोटो साम्यासाठी, कोणता कपड्यांसाठी, कोणता बसण्याच्या ढबीसाठी, हे पाठीमागे लिहून द्या.

रंग कळत नसेल तर "गहूवर्णी" एवढं सांगून भागत नाही. घरात ज्याची कांती त्यांच्यासारखी आहे, भाऊ असो की मुलगा, त्याला चित्रकारापुढे तासभर बसवा.

कोणत्या वयाचं चित्र करायचं यावरून घराघरांत वाद होतात. शेवटच्या आजारपणातला फोटो ताजा असतो म्हणून तोच पुढे केला जातो. पन्नाशी-साठीचा, घर चालवत होते त्या काळातला चेहरा निवडा. गावही त्यांना त्याच चेहऱ्यानं ओळखत असतं. आणि "थोडं उजळ करा हो" ही सूचना कृपा करून देऊ नका. सावळ्या माणसाला गोरं केलं की नाकडोळे तेच राहूनही साम्य जातं.

समोर बसवायचं असेल तर

प्रत्यक्ष बैठक हा पोर्ट्रेटचा सर्वांत चांगला प्रकार, आणि खानदेशात त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पूर्ण चित्राला दोन-दोन तासांच्या चार ते सहा बैठका धरा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाय मोकळे करू द्या; वयस्क माणसाचा चेहरा बसून बसून उतरतो आणि तोच उतरलेला चेहरा कॅनव्हासवर येतो. उत्तरेकडची खिडकी उत्तम, कारण तिथून ऊन थेट आत येत नाही आणि सावल्या हलत नाहीत. खुर्चीचे पाय आणि बसणाऱ्याचे पाय जिथे आहेत तिथे खडूनं खुणा करा. कपडे प्रत्येक बैठकीला तेच हवेत. चार बैठका जमणार नसतील तर एक तरी घ्या. रंग तिथे पकडायचा, बाकी काम फोटोवरून.

पायरी तिसरी: चित्रकार कसा पारखायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पोर्ट्रेट करणारे पुष्कळसे शाळांतले कलाशिक्षक, कला महाविद्यालयांतले शिक्षक किंवा जुन्या बोर्ड पेंटिंगच्या धंद्यातून आलेले असतात. पदवीवर जाऊ नका. बोर्ड रंगवून हात तयार झालेला माणूस पुष्कळदा पदवीधराला भारी पडतो. मोबाइलवरच्या गॅलरीवर मात्र भरवसा नको. घरी जाऊन किमान तीन चित्रं प्रत्यक्ष बघा, शेजारी त्यांचे मूळ फोटो ठेवून.

काय पाहायचं? आधी सावळी त्वचा. नवशिका तपकिरीत पांढरा मिसळतो आणि चेहरा खडूसारखा भुरकट होतो. जाणकाराच्या चित्रात कपाळावर आभाळाचा निळसर झाक असलेला उजेड असतो, कान आणि नाकाचा शेंडा जरा तांबूस, जबड्याजवळ दाढीमुळे राखाडी-हिरवट छटा. मग पांढरे कपडे: धोतर, सदरा, टोपी. ट्यूबमधला पांढरा थेट फासला असेल तर टोपी कागदाची वाटते. खऱ्या चित्रात सावलीतला पांढरा चांगलाच करडा असतो आणि शुद्ध पांढरा दोन-चार ठिकाणीच लागलेला. शेवटी कान, आणि मानेचा खांद्याशी सांधा. डोळे सगळेच मन लावून रंगवतात, आळस इथे दिसतो.

प्रिंट आहे की हाताचं काम, हे पारखायला जळगावकरांना साधन दूर नाही: सराफाकडचं दहापट दाखवणारं भिंग. गालासारख्या सपाट भागावर धरा. छापील असेल तर निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसतात. हाताच्या रंगात ब्रशच्या केसांचे चर आणि रंगाची धार दिसते. मग टॉर्च चित्राच्या कडेला भिंतीशी समांतर धरा. जेल लावलेल्या प्रिंटवर उंचवटे असतात, पण ते चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत. फटकारा नाकावरून गालावर सरळ निघून जातो. डोळ्यातला चमकता ठिपका बोटाला किंचित उंच लागतो का तेही पाहा, अर्थात रंग वाळलेला असेल आणि चित्रकाराची परवानगी असेल तरच.

पायरी चौथी: भाव आणि कागद

दर दोन पद्धतींनी लावतात: प्रति चौरस इंच किंवा प्रति चेहरा. समजा कोणी चौरस इंचाला ३० रुपये म्हणालं, तर १८×२४ म्हणजे ४३२ चौरस इंच, १२,९६० रुपये. हा आकडा फक्त हिशेब समजावा म्हणून. प्रत्यक्ष दर माणसागणिक पुष्कळ बदलतात. विचारायचं ते हे: दुसरी व्यक्ती, हात, नक्षीचा शेला, मागचा वाडा यांचे जादा किती? फ्रेम आणि पोचवणं धरलंय का?

पैसे तीन हप्त्यांत द्या: इसार म्हणून तीस-चाळीस टक्के, रेखाटन पसंत झाल्यावर तेवढेच, उरलेले चित्र ताब्यात घेताना. सगळे आधी देऊ नका. काम पूर्ण झाल्यावर हप्ते पाडून मागू नका, तेही तितकंच वाईट. एका कागदावर एवढं लिहा आणि दोघांनी सही करा:

- माप, माध्यम, कॅनव्हास कापसाचा की लिननचा, आणि "संपूर्ण हातानं रंगवलेलं, खाली छपाई नाही" हे वाक्य
- डोक्याची उंची किती इंच, हात आहेत का, पार्श्वभूमी कोणती
- कोणत्या टप्प्यांवर दाखवायचं, किती दुरुस्त्या फुकट
- तारीख आणि हप्ते
- चित्राच्या प्रती कोण छापू शकेल

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. तरी चित्रकाराचं नाव पुसायचा किंवा त्याच्या नावाला बट्टा लागेल असा चित्रात फेरफार करायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. सही कोपऱ्यात राहू द्या.

मुदतीबद्दल स्पष्ट असा. तैलचित्राला सहा ते आठ आठवडे धरा. गंधमुक्तीच्या दिवसापर्यंत तैलचित्र होत नाही. त्या दिवसाला चांगला फोटो मोठा करून लावा आणि पोर्ट्रेट वर्षश्राद्धासाठी सांगा. घाईत खालचा थर ओला असताना वर पटकन वाळणारा थर चढवला जातो आणि काही महिन्यांत त्याला तडे जातात. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश वाळतं, त्याला पर्याय नाही.

पायरी पाचवी: कधी पाहायचं, काय बोलायचं

पहिल्यांदा कोळशाचं रेखाटन पाहा. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, जबड्याची रुंदी, मान किती पुढे, हे सगळं इथंच सांगायचं. पुसायला फडकं पुरतं. दुसऱ्यांदा तपकिरी एकरंगी थर झाल्यावर. इथं रंग नसतानाही माणूस ओळखू यायला हवा. येत नसेल तर काम थांबवा, रंगानं साम्य येईल या आशेवर पुढे जाऊ नका. तिसऱ्यांदा रंग भरल्यावर, आणि तेव्हा बोलायचं ते ओठांचा कोपरा, कुंकवाचा आकार, मिशीचा पीळ अशा बारीक गोष्टींबद्दल. या टप्प्यावर "डोकं जरा डावीकडे घ्या" म्हणणं म्हणजे नवं चित्र सांगणं.

प्रत्यक्ष जाऊन पाहा. मोबाइलवर आलेल्या फोटोत ओल्या तेलाची चकाकी असते आणि रंग सरकलेले असतात. आठ-दहा फुटांवरून पाहा, मग आरशात पाहा. एक डोळा वर-खाली असेल तर आरशात लगेच दिसतो. बरोबर अशी व्यक्ती न्या जी रोज त्या माणसाबरोबर राहिली, बहुधा बायको किंवा सून. चित्र दाखवायच्या आधी काही सांगू नका. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्यांच्या तोंडून जे निघेल ते खरं, त्यानंतरची मतं चित्राकडे पाहून बनवलेली असतात. चित्रकाराशी बोलायला मात्र घरातला एकच माणूस ठरवा. तीन भाऊ तीन दिशांनी सूचना देतात आणि चेहरा तिघांच्या मधला होतो.

फ्रेम, भिंत आणि आपला उन्हाळा

तैलचित्राला काच लागत नाही. घालायचीच तर काच आणि रंग यांमध्ये पट्टी टाकून अंतर ठेवा, नाहीतर रंग काचेला चिकटतो. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी. चित्रकार चित्र देतानाच चकाकतं व्हार्निश मारून देत असेल तर थांबवा. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या चौकटीच्या, कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत का पाहा. कॅनव्हास सैल पडला तर त्या हलक्या ठोकून ताणता येतो, खिळ्यांनी पक्क्या केलेल्या चौकटीत ती सोय नसते.

सैल पडणारच, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरात कूलर चालतो. दिवसभर कोरडी भट्टी आणि संध्याकाळी कूलरचा ओलसर झोत, असं रोज झालं की कॅनव्हास ताणतो-सैलावतो आणि रंगाला बारीक तडे जातात; पाठीमागे बुरशी धरते ती वेगळीच. कूलरच्या समोरची भिंत टाळा. पश्चिमेची भिंतही टाळा, दुपारनंतर ती तव्यासारखी तापते. पूर्वजांची चित्रं दक्षिणेच्या भिंतीवर लावायचा रिवाज पाळायचा असेल तर ती भिंत बाहेरची नसून दोन खोल्यांमधली असली तर उत्तम. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते.

धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीत एक खिळा ठोकून भागत नाही. फ्रेमसकट २४×३६ चं चित्र सहज चार-पाच किलो भरतं. तुळईला किंवा लाकडी खुंट्यांना दोन ठिकाणी टांगा, आणि वरून माती झडत असेल तर चित्राच्या माथ्यावर मागच्या बाजूनं जाड कागदाची पट्टी लावा. फ्रेमवाला पाठीला प्लायवुड ठोकून देतो ते चेहऱ्याच्या कामाचं नाही, वाळवीच्या सोयीचं आहे.

हार. ताज्या फुलांचा हार थेट चित्राला घातला की ओल, मुंग्या आणि डाग हे ठरलेलं. फ्रेमच्या इंचभर पुढे येतील असे दोन हुक भिंतीत बसवा आणि हार त्यांना घाला. गंध, अष्टगंध चित्राला लावू नका. पूजेसाठी काचेतला छोटा फोटो वेगळा ठेवा. उदबत्ती तीन फूट लांब. पुसायचं ते कोरड्या मऊ ब्रशनं, वर्षातून दोनदा. बटाटा किंवा कांदा चोळून चित्र उजळतं असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि चित्रापासून लांब ठेवा.

जुनं पोर्ट्रेट विकत घ्यायचं असेल तर

जुन्या वाड्यांच्या सामानातून तसबिरी बाजारात येतात. 'ओरिजिनल रविवर्मा' म्हणून दाखवतात तो जवळजवळ नेहमी छापखान्यातला ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची छापील प्रत, असतो. भिंगाखाली त्याचे ठिपके अनियमित, हातानं टिंबलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट प्रतीत ठिपके एकसारख्या जाळीत असतात. जुना ओलिओग्राफही संग्रहणीय आहे, पण त्या भावानं घ्या. शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं: अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे पणजोबांचं तैलचित्र पाठवायचा बेत असेल तर त्यावरून दुसरं रंगवून घ्या. मग वाळलेलं चित्र चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान सहा इंच व्यासाच्या नळीवर गुंडाळा. आत गुंडाळलं तर रंग दबून सुरकुततो, आणि बारीक नळीवर तो तडकतो.